ठाण्यात राहून स्पोर्ट्स कार घ्यायचीय: एम२ मॅन्युअल, एम२ ऑटो की वापरलेली केमन? (रस्ता + ट्रॅक)

कापूरबावडी
मंडळी, विषय गाडीचा आहे आणि जरा लांबणार आहे, तेव्हा चहा घेऊन बसा.

घरात एक ऑटोमॅटिक एसयूव्ही आहे, आईबाबा, सामान, गावाला जाणं सगळं तिच्यावर. आता दुसरी गाडी निव्वळ चालवण्याच्या आनंदासाठी घ्यायचीय. ऑन रोड सव्वा कोटी, फार तर थोडं इकडेतिकडे. वापर असा: रविवारी पहाटे माळशेज नाहीतर लोणावळा, मधूनअधून ऐरोलीला ऑफिसला, आणि वर्षातून दोन-तीन ट्रॅक डे (रेस ट्रॅकवर आपली गाडी चालवायचा दिवस). ट्रॅक माझ्यासाठी खरंच महत्त्वाचा आहे, नुसते फोटो काढायला जायचं नाहीये.

डोक्यात तीन गाड्या आहेत.
बीएमडब्ल्यू एम२ (जी८७): तीन लिटर, सहा सिलिंडर, ट्विन टर्बो, आताची ४८० पीएसवाली. सहा स्पीड मॅन्युअल किंवा आठ स्पीड ऑटो.
पोर्शे ७१८ केमन, वापरलेली. जमली तर जीटीएस ४.०, नाहीतर साधी दोन लिटर टर्बो. पीडीके (पोर्शेचा ऑटो गिअरबॉक्स) किंवा मॅन्युअल.
झेड४ एम४०आय, जी आता मॅन्युअलमध्येही आली आहे.

गाडीपेक्षा जास्त घोळ गिअरबॉक्सचा आहे. मित्र म्हणतात घोडबंदरला राहून मॅन्युअल घेणं वेडेपणा आहे. मन म्हणतं की ऑटोच घ्यायची तर एवढे पैसे कशाला घालायचे. ज्यांनी दोन्ही चालवल्यात त्यांनी सविस्तर लिहा.

सीवूड्सचा_संदीप
अभिनंदन आधीच करून ठेवतो. मॅन्युअल. पुढचा प्रश्न.

गायमुख_घाट
@संदीप तुम्ही पाम बीचवाले, तुम्हाला काय कळणार. आमच्याकडे मेट्रोचं काम, खड्डे नि कंटेनर. कासारवडवलीहून माजिवड्याला सकाळी नऊला निघून दाखवा, पहिला-न्यूट्रल-पहिला-न्यूट्रल करत डावा गुडघा दुखायला लागतो. एम२चा क्लच आपल्या स्विफ्टसारखा हलका नाहीये. ऑटो घ्या आणि सुखी रहा.

नेरूळकर
मी जरा उलटं मत मांडतो, शेवटपर्यंत वाचा मग भांडा.

सगळे म्हणतात रस्त्यावर ऑटो आणि ट्रॅकवर मॅन्युअल. माझं मत बरोब्बर उलट आहे. रस्त्यावर मॅन्युअल, ट्रॅकवर ऑटो.

का ते सांगतो. रस्त्यावर आपल्याला वेग वापरता येत नाही आणि येऊही नये. एक्स्प्रेसवेला १००, घाटात ६०, अटल सेतूवर १००, समृद्धीवर १२०. एम२ शून्य ते शंभर चार सेकंदांच्या आसपास जाते, म्हणजे गाडीची ताकद चार सेकंदांत संपली, पुढे नुसतं क्रूझ. मग मजा कशात उरते? हातापायाच्या कामात. साठच्या वेगात तिसऱ्यावरून दुसऱ्याला येताना टाच-बोटाने (एकाच पायाने ब्रेक आणि ॲक्सिलरेटर सांभाळत) रेव्ह जुळवलेत आणि गाडी जराही न हिसकता वळणात शिरली, तर त्याचं समाधान साठच्या वेगातही पूर्ण मिळतं. ऑटोमध्ये त्याच वळणावर तुम्ही स्टिअरिंगमागचं पॅडल ओढता, बाकी सगळं गाडी करते.

ट्रॅकवर मात्र डोकं आधीच भरलेलं असतं. ब्रेक कुठे मारायचा, कधी सोडायचा, एपेक्स (वळणाचा सगळ्यात आतला बिंदू) कुठे आहे, मागून कोण येतंय, मार्शल कुठला झेंडा दाखवतोय. त्यात शिफ्ट चुकली, पाचव्यावरून चौथ्याऐवजी दुसरा पडला, तर इंजिनाची वाट. नवशिक्याने ट्रॅकवर ऑटो किंवा ड्युअल क्लच घ्यावी आणि सगळं लक्ष लाइन नि ब्रेकवर ठेवावं. शिकायला जास्त मिळतं.

सीवूड्सचा_संदीप
+१ पहिल्या अर्ध्याला. दुसऱ्याला नाही.

खारघरची_अनघा
@नेरूळकर दादा, दुसऱ्या अर्ध्याशी मी सहमत आहे आणि त्यात एक उदाहरण जोडते. बुद्ध सर्किटला (ग्रेटर नोएडाचा ट्रॅक) तिसऱ्या वळणातून बाहेर पडलं की एक किलोमीटरपेक्षा लांब सरळ रस्ता, आणि त्याच्या टोकाला चौथं वळण, घट्ट उजवं. मॅन्युअलमध्ये तिथे जोरदार ब्रेक मारता मारता दोन-तीन गिअर खाली यायचं असतं, आणि ब्रेकवरचा दाब कमीजास्त न होऊ देता ॲक्सिलरेटरला टिचकी मारायची. बूट रुंद असेल तर ब्रेक पेडलवरून घसरतोच. पॅडलवाल्या गाडीत तुम्ही नुसता ब्रेक धरून ठेवता. पुढे दहा-अकराचं ते लांबलचक, थोडं बँक असलेलं उजवं वळण आहे, त्याच्या मध्ये शिफ्ट करायची वेळ आली तर मॅन्युअलमध्ये गाडीचा तोल हलतो, ड्युअल क्लचमध्ये टॉर्क जवळजवळ तुटतच नाही म्हणून हलत नाही.

मी ट्रॅकवर भाड्याची गाडी आणि मित्राची केमन एस पीडीके दोन्ही चालवल्यात. वेळेत जो फरक दिसला त्यातला बराचसा एवढ्याच कारणाने होता, हॉर्सपॉवर नंतर.

मेकॅनिकल_माणूस
थोडं यांत्रिकी सांगतो कारण 'ऑटो' या एका शब्दात सगळे तीन वेगळ्या गोष्टी कोंबतायत.

पोर्शेचं पीडीके म्हणजे ड्युअल क्लच. एका क्लचवर १-३-५-७, दुसऱ्यावर २-४-६. तुम्ही तिसऱ्यात असता तेव्हा चौथा आधीच जुळवून ठेवलेला असतो, नुसता एक क्लच सुटतो आणि दुसरा धरतो. ही कल्पना पोर्शेने १९८०च्या दशकात ९५६ आणि ९६२ रेसकारवर वापरून पाहिली, पण रस्त्यावरच्या उत्पादित गाडीत ड्युअल क्लच पहिल्यांदा आला तो २००३ला फोक्सवॅगन गोल्फ आर३२ मध्ये. ९११ला पीडीके मिळालं २००८ला.

एम२ची ऑटो ड्युअल क्लच नाहीये. आधीच्या एफ८७ एम२ला सात स्पीड डीसीटी (ड्युअल क्लच) होता, आताच्या जी८७ला झेडएफचा आठ स्पीड टॉर्क कन्व्हर्टर आहे. गाडी हलली की कन्व्हर्टर लॉक होतो, त्यामुळे जुन्या ऑटोसारखा रबर ताणल्याचा भास होत नाही. ट्रॅकवर डीसीटीइतका टोकदार नाही, पण रांगत्या ट्रॅफिकमध्ये डीसीटीपेक्षा कितीतरी शांत, कारण तिथे क्लच घासत नाही, तेल फिरतं.

आणि झेड४, त्यातही झेडएफचाच आठ स्पीड, नाहीतर मॅन्युअल.

त्यामुळे धागाकर्त्याचा खरा प्रश्न तीन पर्यायांचा आहे: मॅन्युअल, टॉर्क कन्व्हर्टर, ड्युअल क्लच. घोडबंदरसाठी या तिघांत सगळ्यात सुखाचा टॉर्क कन्व्हर्टर.

गायमुख_घाट
@मेकॅनिकल_माणूस हे कुठेतरी वर चिकटवून ठेवा. माझी आधीची गाडी ड्राय क्लचवाली ड्युअल क्लच होती. उन्हाळ्यात तीन हात नाक्याच्या जामात पाऊण तास रांगली की पहिल्या-दुसऱ्यात थरथरायची. सर्व्हिस सेंटरवाले दर वेळी सॉफ्टवेअर अपडेट करून परत पाठवायचे. नाव घेत नाही, पण ऑइलमध्ये बुडालेला क्लच आहे की कोरडा, हे विचारल्याशिवाय ड्युअल क्लच घेऊ नका कोणी.

मेकॅनिकल_माणूस
बरोबर प्रश्न. पीडीके वेट क्लच आहे, म्हणजे तेलात बुडालेला. गोल्फ जीटीआय आणि ऑक्टेव्हिया आरएसचा सात स्पीड डीएसजीसुद्धा (फोक्सवॅगन-स्कोडाचा ड्युअल क्लच) वेट. व्हर्टस जीटी १.५ मध्ये जो डीएसजी येतो तो ड्राय.

मुंब्रा_बायपास
मला एक सांगा, सव्वा कोटीत एकच गाडी का? ऑक्टेव्हिया आरएस ४९.९९ लाख एक्स-शोरूमला आली होती, २६५ पीएस, ३७० एनएम, पाच माणसं बसतात, डिकीत आंब्याच्या पेट्या राहतात. उरलेल्या पैशात पाचेक वर्षं ट्रॅक डे, टायर, ब्रेक पॅड, विमानाची तिकिटं, कोच. पाच वर्षांनी तुम्ही एम२ घेऊन घरी ठेवणाऱ्यापेक्षा दुप्पट चांगले ड्रायव्हर व्हाल.

सीवूड्सचा_संदीप
@मुंब्रा_बायपास आरएस १००च आल्या होत्या भारतात. बुकिंग उघडलं नि संपलं. जीटीआयचीही पहिली खेप १५० होती. आणि दोन्ही फ्रंट व्हील ड्राइव्ह, दोन्ही फक्त डीएसजी. मॅन्युअलचा प्रश्नच मिटतो.

मुंब्रा_बायपास
फ्रंट व्हीलने काय बिघडलं? जीटीआयला इलेक्ट्रॉनिक डिफ लॉक आहे, वळणातून बाहेर पडताना आतलं चाक फिरत राहत नाही, गाडी आत ओढली जाते. पावसात आपल्या रस्त्यांवर रिअर व्हीलच्या ४८० पीएसपेक्षा मला ती जास्त विश्वासाची वाटते.

कापूरबावडी
@मुंब्रा_बायपास मुद्दा पटतो, पण मला मागची चाकं ढकलणारी गाडीच हवीय. ही एक गोष्ट नक्की आहे. बाकी सगळं उघडं आहे.

@नेरूळकर तुमची 'रस्त्यावर मॅन्युअल, ट्रॅकवर ऑटो' थिअरी वाचून माझा घोळ दुप्पट झाला, कारण मला दोन्ही करायचंय एकाच गाडीत.

जुना_ठाणेकर
आमच्या काळच्या दोन गोष्टी. आता साठी ओलांडली आहे, पण चेन्नईजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवरच्या शर्यती तरुणपणी पाहिल्या आहेत, चेन्नईचा आताचा ट्रॅक नंतर झाला, १९९०ला. तेव्हा प्रीमिअर ११८ एनई म्हणजे आमच्यासाठी स्पोर्ट्स कार, कारण तिच्यात निसानचं ए१२ इंजिन. आणि कोइम्बतूरचे करिवर्धन. त्यांनी मारुती ८००च्या इंजिनावर फॉर्म्युला मारुती बांधली, त्यामुळे देशात पहिल्यांदा कमी पैशात सिंगल सीटर चालवायला मिळाली. किती मुलं त्या गाड्यांवर शिकली! करी मोटर स्पीडवे त्यांच्याच नावाने आहे.

हे सांगायचं कारण, शिकायला ताकद लागत नाही. हलकी गाडी लागते. आता एम२ सतराशे किलो आहे असं वाचलं. आमच्या दृष्टीने तो ट्रक आहे!

खारघरची_अनघा
@जुना_ठाणेकर काका, अजून लिहा ना शोलावरमबद्दल. वेगळा धागाच काढा.

आणि वजनाचा मुद्दा खूप खरा आहे. ट्रॅकवर पहिली हार मानतात ते ब्रेक. सतराशे किलो २२०-२३० वरून ऐंशीला आणायचे, दर लॅपला, दोन-तीन वेळा. ब्रेक फ्लुइड हवेतलं पाणी शोषून घेतं, जुनं झालं की लवकर उकळतं, आणि उकळलं की ब्रेकचा पेडल मऊ पडत खाली जातो. आमच्या ग्रुपमध्ये एकाच्या गाडीत तिसऱ्या लॅपला पेडल निम्मा खाली गेला तेव्हा त्याने लगेच हळू करून गाडी आत घेतली, कोचने आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून. ट्रॅक डेच्या आधी नवं डॉट ४ भरून घ्या, शेवटचा लॅप हळू मारा, आणि पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढू नका, तापलेले पॅड डिस्कला चिकटून बसतात. गाडी गिअरमध्ये ठेवा किंवा चाकाला लाकडी ठोकळा लावा.

सीवूड्सचा_संदीप
पोर्शे ९११ जीटी३चं उदाहरण कोणीच कसं दिलं नाही? २०१३ला पोर्शेने ९९१ जीटी३ फक्त पीडीकेमध्ये आणली, ट्रॅकवर वेगवान म्हणून. लोक इतके हळहळले की २०१६ला ९११ आर काढली, फक्त मॅन्युअल, आणि २०१७च्या जीटी३मध्ये मॅन्युअल परत आलं. म्हणजे ट्रॅकच्या गाडीतही लोकांना तिसरा पेडल, म्हणजे क्लच, हवा असतो. वेळ हे एकच माप नाहीये.

नेरूळकर
@संदीप मान्य, पण जीटी३ घेणाऱ्यांपैकी बरेच जण ट्रॅक आधीपासून जाणतात. धागाकर्ता आत्ता सुरुवात करतोय. आणि ७१८ जीटी४ आरएस पाहा, ५०० पीएस, ९००० आरपीएम, फक्त पीडीके. ट्रॅकवर कमीत कमी वेळात लॅप मारायचा असेल तेव्हा पोर्शेनेही शेवटी पीडीकेच निवडलं.

फॉर्म्युला वनमध्ये हा वाद १९८९लाच मिटला. फेरारीच्या ६४०ने पॅडलवाला गिअरबॉक्स घेऊन पहिलीच शर्यत जिंकली, ब्राझीलला, मॅन्सेलने. काही वर्षांत सगळे त्या वाटेला गेले.

तुर्भे_स्टोअर
भावांनो, इलेक्ट्रिक घ्या. गिअरच नाही, वादच नाही.

मेकॅनिकल_माणूस
@तुर्भे_स्टोअर टायकनला मागच्या एक्सलवर दोन स्पीडचा गिअरबॉक्स आहे, तिथेही वाद घालता येईल. आणि ह्युंदाईने आयोनिक ५ एनमध्ये खोटे गिअर घातलेत, शिफ्ट केल्यासारखा झटका आणि आवाज. म्हणजे गिअर नसले की लोकांना चुकल्यासारखं होतं हे कंपन्यांनाही कळलंय.

वाशी_सेक्टर_सतरा
पाम बीचला नवीन एम२ रात्री पाहिली काल, किल्ले गावठाणजवळून काय आवाज काढत गेली! १८० तरी असेल.

संचालक
@वाशी_सेक्टर_सतरा पाम बीच असो, एक्स्प्रेसवे असो की येऊर, सार्वजनिक रस्त्यावरच्या वेगाच्या कथा इथे नकोत. त्या रस्त्यावर सकाळी धावणारे, सायकलवाले असतात आणि तिथे माणसं गेली आहेत. पुढची पोस्ट उडवली जाईल.

खारघरची_अनघा
संचालकांना पूर्ण पाठिंबा. ट्रॅक त्यासाठीच आहे. ट्रॅकवर एकदा नीट दमलात की रस्त्यावर वेगात जावंसं वाटतच नाही, हा माझा आणि आमच्या ग्रुपमधल्या बहुतेकांचा अनुभव.

माळशेजचा_धुका
बराच वेळ वाचत होतो. माझ्याकडे जुनी केमन आहे, मॅन्युअल, आणि दर पावसाळ्यात मुरबाडमार्गे माळशेजला नेतो, तेव्हा एक गोष्ट सांगतो जी परीक्षणांत दोन ओळींत उरकतात पण मालकाला रोज भेटते. गिअर रेशो.

७१८च्या मॅन्युअलचे गिअर फार लांब आहेत. जीटीएस ४.०चं इंजिन ७८०० आरपीएमपर्यंत फिरतं आणि दुसऱ्या गिअरला रेडलाइनला (इंजिनाच्या कमाल फेऱ्यांना) जाईपर्यंत काटा सव्वाशेच्या पुढे गेलेला असतो. दुसरा गिअर! म्हणजे आपल्या देशात कायद्यात राहून तुम्ही त्या इंजिनाचा वरचा सूर फक्त पहिल्यात आणि अर्ध्या दुसऱ्यात ऐकणार. नॅचरली ॲस्पिरेटेड, म्हणजे बिनटर्बोचं, सहा सिलिंडर, ज्याची सगळी जादू वर आहे, आणि वर जायला रस्ता नाही. पीडीकेला सात गिअर आहेत, रेशो जवळ जवळ, त्यामुळे तीच गाडी पीडीकेमध्ये घाटात जास्त जिवंत वाटते. मी मॅन्युअलचा भक्त आहे तरी हे लिहितोय.

टर्बोवाल्या एम२चं वेगळं. दुसरा तिचाही शंभरच्या वर जातो, पण टॉर्क खालूनच भरपूर. मॅन्युअलला ५५० एनएम, ऑटोला ६००. साडेतीन हजारावर शिफ्ट करत गेलात तरी गाडी ढकलत राहते, आणि वळणावळणाच्या घाटात तुम्ही खरोखर दुसरा-तिसरा-दुसरा करत राहता. त्यामुळे नेरूळकरांचं 'रस्त्यावर मॅन्युअल' हे एम२ला आणि झेड४ला लागू पडतं, जीटीएसला तितकं नाही.

नेरूळकर
@माळशेजचा_धुका हा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता आणि फार मोलाचा आहे. म्हणजे गिअरबॉक्स इंजिनासोबतच निवडायचा, सुटा नाही.

कापूरबावडी
@माळशेजचा_धुका दादा, खूप खूप आभार. हे कुठल्याच व्हिडिओत नव्हतं सांगितलं. एम२ मॅन्युअलचा क्लच नि लिव्हर कसा आहे? केमनच्या तुलनेत?

माळशेजचा_धुका
लिव्हरमध्ये केमन पुढे, बरीच पुढे. छोटा पल्ला, धातूवर धातू बसल्यासारखं कळतं की गिअर बसला. एम२चा लिव्हर थोडा रबरी, लांब पल्ल्याचा, पण वाईट नाही. क्लच वजनदार. एम२मध्ये खाली येताना गाडी स्वतः रेव्ह जुळवते, ते सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येतं. शिकायचं असेल तर बंद करा.

आणि एक महत्त्वाचं. एम२ला कार्बन बकेट सीट घेऊ नका मॅन्युअलमध्ये. त्या सीटला मांड्यांच्या मधोमध कार्बनचा एक उंचवटा येतो. ऑटोमध्ये डाव्या पायाला काम नाही म्हणून चालून जातं, मॅन्युअलमध्ये क्लचवरून पाय काढताना प्रत्येक वेळी आड येतो. शोरूममध्ये बसून तीनही पेडल दाबून बघा.

गायमुख_घाट
मी अजूनही ऑटोच म्हणतो. तुम्ही सगळे माळशेजच्या गप्पा मारताय, पण कापूरबावडीहून माळशेजला पोचायला आधी कल्याण आहे, दुर्गाडीचा पूल आहे, नि मुरबाडचा रस्ता. परतीला रविवार संध्याकाळ.

माळशेजचा_धुका
पहाटे पाचला निघा, नऊच्या आत परत या. रस्ता मोकळा, मुरबाडला वडापाव गरम.

मुंब्रा_बायपास
टायरचा विचार केलाय का? एम२ला पुढे १९ इंची २७५/३५, मागे २० इंची २८५/३०. मागच्या टायरची भिंत आठ-नऊ सेंटीमीटर. घोडबंदरच्या पावसाळ्यातल्या खड्ड्यात रिम वाकायला एक पाऊस पुरे. आणि सोसायटीचा पोडियमचा रॅम्प मोजा.

कापूरबावडी
रॅम्प मोजलाय, वॉचमनच्या मदतीने फळी आडवी लावून कोन काढला, एम२ला अडचण नाही. खड्ड्यांसाठी पावसाळ्यात एसयूव्ही आहेच.

मेकॅनिकल_माणूस
खर्चाकडे पण बघा. एम२ची एक्स-शोरूम १ कोटी ३ लाख होती २०२४च्या अपडेटला. ती बाहेरून तयार होऊन येते, आणि महाराष्ट्रात आयात गाडीला रोड टॅक्स २० टक्के. विमा जोडा. तुमचा सव्वा कोटी तिथेच संपला, ट्रॅकसाठी शिल्लक काय? केमन वापरलेली घेतलीत तर रोड टॅक्स पहिल्या मालकाने भरलाय, मात्र पासिंग महाराष्ट्राचं आहे ना ते बघा, बाहेरच्या राज्यातली असेल तर इथे परत कर भरावा लागेल. सव्वा कोटीत चांगली जीटीएस ४.० मिळणं मला कठीण वाटतं, दोन लिटर टर्बो मिळेल, ३०० पीएस. आणि ७१८चं उत्पादन आता थांबलंय, त्यामुळे जीटीएस ज्यांच्याकडे आहे ते सोडत नाहीयेत.

विम्याचं आणखी एक: आपल्या नेहमीच्या मोटार पॉलिसीत रेसिंग, पेस मेकिंग, स्पीड टेस्टिंग हे वापर वगळलेले असतात. ट्रॅकवर भिंतीला लागली तर खर्च तुमच्या खिशातून, असं धरूनच चालवा.

सीवूड्सचा_संदीप
आणि ट्रॅक लांब. बुद्ध चौदाशे किलोमीटरच्या आसपास, चेन्नई तेराशेच्या वर, कोइम्बतूरही बाराशेच्या पुढे. गाडी फ्लॅटबेडवर पाठवा, तुम्ही विमानाने जा. हा खर्च दर वेळचा आहे.

खारघरची_अनघा
@कापूरबावडी म्हणून मी एक सुचवते. पहिलं वर्ष गाडी नेऊच नका. ट्रॅकवर भाड्याने गाडी आणि कोच मिळतात, फॉर्म्युला गाड्यांचे ट्रेनिंग स्कूल आहेत चेन्नई-कोइम्बतूरला, तिथे जा. कोल्हापूरला कार्टिंगचा खरा ट्रॅक आहे, मॉलमधला नाही, तिथे एक शनिवार-रविवार घालवा. कार्टला गिअर नसतो, सस्पेन्शन नसतं, नुसतं वजन कुठे जातंय ते पाठीला कळतं. जुना_ठाणेकर काका म्हणाले तेच, हलक्या गाडीवर शिका.

आणि मग रस्त्यासाठी जी आवडते ती घ्या, मॅन्युअल. एकाच गाडीने दोन्ही करायचा हट्ट सोडला की तुमचा निम्मा घोळ सुटतो.

जुना_ठाणेकर
मुलगी शहाणं बोलली.

सीवूड्सचा_संदीप
@अनघा ताई, पण मग आपल्या गाडीला ट्रॅकवर नेण्याचा आनंद? स्वतःच्या गाडीची हद्द स्वतःला कळणं, त्याला किंमत आहे. भाड्याच्या गाडीवर शिकलेलं अर्धंच घरी येतं.

खारघरची_अनघा
किंमत आहेच, दुसऱ्या वर्षी न्या की. तोवर तिचे ब्रेक कसे वागतात ते तुम्हाला कळायला लागलेलं असेल, आणि नव्या गाडीचं रनिंग इनही (सुरुवातीचं जपून चालवणं) झालेलं असेल.

कापूरबावडी
मंडळी, दोन आठवड्यांनी परत आलो. दरम्यान एम२ दोन्ही गिअरबॉक्समध्ये चालवून पाहिली, एका ओळखीच्यांची ७१८ दोन लिटर पीडीकेही चालवली.

७१८चं स्टिअरिंग अप्रतिम. इंजिन मध्ये असल्यामुळे गाडी तुमच्या कमरेभोवती फिरते असं वाटतं, एम२मध्ये तुम्ही मागे बसून लांब नाक वळवता. पण चार सिलिंडरचा आवाज कानाला रुचला नाही, खरंच नाही, आणि मी जे शोधतोय त्यात आवाज आहे. एम२ ऑटो चकित करणारी आहे, कम्फर्टमध्ये आमच्या एसयूव्हीइतकी शांत, तिसऱ्या सेटिंगला टाकली की प्रत्येक शिफ्टला पाठीत गुद्दा. मला वाटलं हीच. मग मॅन्युअल घेऊन तोच रस्ता परत, ठाणे-बेलापूर रोडवर, सिग्नल टू सिग्नल, पन्नासच्या वर क्वचित. आणि उतरल्यावर मला ऑटोचं काही आठवेना, मॅन्युअलची प्रत्येक शिफ्ट आठवत होती.

तर एम२ मॅन्युअल, साध्या सीट. ट्रॅकला पहिलं वर्ष अनघा ताईंनी सांगितलं तसंच, भाड्याच्या गाडीवर. टर्बो केमनचा विचार सोडला, जीटीएसचा बजेटने सोडवला. झेड४ला मागे सीट नाही आणि मुलगी सहा वर्षांची आहे, तिला पण बसायचंय.

गायमुख_घाट
अभिनंदन. सोमवारी सकाळी मानपाड्याच्या सिग्नलला भेटू, माझा डावा पाय मोकळा असेल, हात करेन.

मुंब्रा_बायपास
अभिनंदन! ॲलॉयचा विमा वेगळा मिळतो, टायर-रिम कव्हर, तो घ्याच.

माळशेजचा_धुका
फार छान निवड. पेट्रोल ९५ ऑक्टेनच्या खाली घालू नका, एक्सपी १०० (इंडियन ऑइलचं १०० ऑक्टेनवालं) मिळालं तर उत्तम. पहिले दोन हजार किलोमीटर रनिंग इन, पूर्ण थ्रॉटल नाही, मग डीलरकडे रनिंग इन सर्व्हिस असते, तिथे इंजिनाचं आणि डिफरन्शिअलचं तेल बदलतात, ती चुकवू नका.

कापूरबावडी
@माळशेजचा_धुका नोंद केली. टाच-बोट शिकायला बूट कुठले घेऊ? माझे रुंद आहेत.

खारघरची_अनघा
पातळ तळव्याचे, अरुंद. कार्टिंगचे बूट चालतात. सुरुवातीला गाडी बंद ठेवून पार्किंगमध्ये पेडलवर सराव करा, ब्रेकवर पायाच्या बोटांमागचा फुगीर भाग, उजवी कड ॲक्सिलरेटरवर. एम२मध्ये हे दोन पेडल चालू गाडीत ब्रेक दाबलेला असताना बऱ्यापैकी एका पातळीला येतात, बंद गाडीत ब्रेक कडक नि उंच वाटेल, त्याने गोंधळू नका.